गंगेवरचं ऊन आणि स्पेनचे चित्रकार

पिकासोचे वडील चित्रकलेचे शिक्षक होते. होसे रुईझ ब्लास्को आधी मालागात शिकवत, मग आ कोरुन्यात, मग बार्सिलोनात. नोकरी नेईल तिथे बिऱ्हाड हललं, कबुतरं रंगवणं मात्र सुटलं नाही. १८९५ मध्ये त्यांनी तेरा वर्षांच्या पाब्लोला माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात नेलं आणि वेलास्केझ दाखवला. कलेच्या इतिहासात या वडिलांच्या वाट्याला दोन-चार ओळी येतात. मी नाशिकच्या एका शाळेत निवृत्तीपर्यंत चित्रकला शिकवली, त्यामुळे त्या ओळींपाशी मी नेहमी थांबतो. मुलाला योग्य वयात योग्य चित्रासमोर उभं करणं ही लहान गोष्ट नाही.

स्पेनला मी गेलेलो नाही. वेलास्केझ, गोया, सोरोया मला भेटले ते पुस्तकांतून, कॅलेंडरांतून, पुढे मुलीच्या संगणकावर. त्यांना सोबत घेऊन मी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, चित्रं काढत आलो आणि मुलांनाही तिथेच नेत आलो. त्यातून जे उमगलं ते सांगतो.

१. वस्तुचित्राला कमी लेखू नये.

एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांमुळे आपल्याकडे वस्तुचित्र म्हणजे मार्कांचा विषय होऊन बसला आहे. तांब्या, दोन कांदे, मागे चुण्या पडलेलं फडकं. मुलं कंटाळून काढतात. अशा वर्गात मी वेलास्केझचं अंडी तळणाऱ्या म्हातारीचं चित्र लावायचो. १६१८ सालचं. काढणारा तेव्हा जेमतेम एकोणीस वर्षांचा, सेव्हिल शहरातला. चित्रात काय आहे? तेलात अर्धवट जमलेलं अंड्याचं पांढरं, पितळी खलबत्ता, लाल कांदा, पांढऱ्या थाळीवर आडवी ठेवलेली सुरी आणि थाळीच्या खोलगटपणाबरोबर वाकलेली त्या सुरीची सावली. त्या सावलीवर बोट ठेवलं की मागच्या बाकावरची मुलंही पुढे यायची. त्यानंतर एक-दोन वर्षांतच त्याने पाणीविक्या रंगवला. मातीच्या मोठ्या घड्यावर ओघळलेले थेंब आहेत आणि हातातल्या काचेच्या पेल्यात पाण्याखाली एक अंजीर आहे. फाटक्या अंगरख्याच्या त्या माणसाला त्याने राजाच्या थाटात उभं केलं आहे. पुढे राजाला रंगवतानाही त्याच्या हाताने हेच केलं: समोर जे आहे त्याला पूर्ण मान दिला, कमी नाही आणि जास्त नाही.

हे दाखवून झालं की मी मुलांना तांबट आळीत घेऊन जायचो. हातोडीचे ठोके पडलेला तांब्याचा हंडा ज्याने कधी नीट पाहिला नाही, त्याने नाशिक पाहिलं नाही असं मी म्हणेन. प्रत्येक ठोक्यात वेगळं आकाश असतं. एका ठोक्यात दाराबाहेरचं निळं ऊन, शेजारच्यात भट्टीचा लाल, त्याच्या खाली कारागिराच्या बनियनचा पांढरा. तांब्याचा रंग म्हणून बाटलीतला तपकिरी फासणाऱ्या मुलाला हे एकदा दिसलं की त्याची रंगपेटी बदलते. खलबत्ता रंगवणारा तो सेव्हिलचा मुलगा आणि तांबट आळीच्या उंबऱ्यावर बोर्ड मांडीवर घेऊन बसलेली पंचवटीतली मुलगी, दोघांसमोरचं काम एकच आहे.

२. नक्कल उघडपणे करावी, आणि एका वेळी एकाच गोष्टीची करावी.

गोया चित्रकार म्हणून उभा राहत होता त्या काळात, १७७८ मध्ये, त्याने वेलास्केझची राजवाड्यातली चित्रं ताम्रपटावर कोरून त्यांच्या प्रती काढल्या. १८७९ मध्ये अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंट माद्रिदला जाऊन वेलास्केझच्या 'लास मेनिनास' या राजकन्येच्या चित्राची नक्कल करत बसला. सोरोयाने तरुणपणी प्रादोत हेच केलं. पिकासोने सोळाव्या वर्षी राजा चौथ्या फिलिपच्या चित्राची प्रत केली. यातल्या कुणाचं स्वतःचं काही बुडालं नाही.

'सर, कॉपी केली तर चालेल का?' असं मुलं दबक्या आवाजात विचारतात. तो दबका आवाज जायला हवा. खाली मूळ चित्रकाराचं नाव लिहायचं आणि खुशाल करायची. फक्त काय शिकायचं ते आधी ठरवून घ्यायचं. आज फक्त उजेड कुठून येतो ते. आज फक्त आकृत्यांमधली रिकामी जागा. आज फक्त राखाडी रंगाचे प्रकार. अख्खं चित्र जसंच्या तसं उतरवलं की हात दमतो आणि डोळ्याला काही मिळत नाही.

३. प्रभाव शैलीत शोधू नये, प्रश्नात शोधावा.

या लेखात मला एकच गोष्ट पटवून द्यायची असेल तर ती ही.

१८६५ मध्ये एदुआर माने पॅरिसहून माद्रिदला गेला. प्रादो सामान्य लोकांसाठी १८१९ मध्ये उघडलं होतं. त्याआधी तिथली चित्रं राजघराण्याच्या भिंतींवर होती, त्यामुळे दीडशे वर्षं युरोपातल्या बहुतेक चित्रकारांना वेलास्केझ नीट पाहायलाच मिळाला नव्हता. मानेला तो सगळ्या चित्रकारांचा चित्रकार वाटला, आणि सगळ्यात जास्त त्याला धरून ठेवलं ते दरबारातल्या एका विदूषकाच्या चित्राने. पाब्लो दे वायादोलिद त्याचं नाव. काळ्या कपड्यातला माणूस, पाय फाकवून, हात पुढे करून उभा आहे. पण कशावर उभा आहे? जमिनीची रेघ नाही, भिंत कुठे सुरू होते ते नाही. पायाशी थोडी सावली आहे आणि भोवती फक्त हवा.

पॅरिसला परतल्यावर मानेने १८६६ मध्ये बासरी वाजवणारा एक सैनिकी पोरगा रंगवला, मागे काहीही न काढता. त्या वर्षीच्या मोठ्या अधिकृत प्रदर्शनाने ते चित्र नाकारलं. आज तेच चित्र आधुनिक चित्रकलेच्या उंबऱ्यावर उभं आहे. आता या दोन चित्रांत काय सारखं आहे? कपडे नाहीत, रंग नाहीत, ब्रशची चालसुद्धा नाही. सारखा आहे तो प्रश्न: रेघेशिवाय माणूस जमिनीवर उभा करता येतो का? वेलास्केझने एक उत्तर दिलं होतं, मानेने दुसरं दिलं.

पिकासोने १९५७ च्या ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत कान येथल्या घरात स्वतःला जवळजवळ कोंडून घेतलं आणि ५८ चित्रांची मालिका रंगवली. त्यातली बहुतेक थेट 'लास मेनिनास'वर आहेत, काही खिडकीतल्या कबुतरांची आहेत. तेव्हा तो पंच्याहत्तरीत होता, जगातला सगळ्यात प्रसिद्ध चित्रकार होता, आणि वडिलांनी तेराव्या वर्षी दाखवलेल्या चित्राशी त्याचं बोलणं संपलं नव्हतं. राजकन्या कुठे उभी करायची, दारातल्या त्या माणसाच्या मागचा उजेड किती ठेवायचा, आरशात कोण आहे, चित्रकार मोठा की राजा मोठा, हे त्याने पुन्हा पुन्हा विचारलं. मालिका आता बार्सिलोनात एकत्र आहे. पुस्तकात तिची एकामागून एक पानं उलटताना मला कायम वाटतं की हीच खरी गुरुदक्षिणा.

४. सोरोयाचं ऊन नाशिकला चालतं, पण पांढरा रंग बाजूला ठेवून.

होआकिन सोरोया (१८६३–१९२३) व्हॅलेन्सियाचा. समुद्रकाठचं ऊन, ओली पोरं, वाऱ्याने फुगलेली पांढरी वस्त्रं. त्याचं १८९६ सालचं शीड शिवणाऱ्या बायकांचं चित्र माझं फार आवडतं आहे. वेलींच्या मांडवाखाली भलंमोठं पांढरं शीड पसरलंय, बायका हसत-बोलत ते शिवतायत आणि पानांतून गळणारं ऊन त्या कापडावर सांडलंय. चित्राचा निम्म्याहून जास्त भाग पांढरा आहे, आणि त्यात निव्वळ पांढरा शोधायला गेलं तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच सापडतो. बाकी सगळं जांभळट, निळसर, पिवळसर, मांडवाच्या जवळ हिरवट.

आमच्याकडे हेच दृश्य रोज मांडलेलं असतं. रामकुंडापासून खाली येताना काळ्या दगडाच्या पायऱ्यांवर धोतरं आणि नऊवारी वाळत घातलेली दिसतात. सकाळी आठच्या सुमाराला ऊन तिरपं असतं, तेव्हा पांढऱ्या धोतराची सावलीची बाजू स्वच्छ निळी दिसते आणि तिच्या खालच्या काठाला पायरीवरून परतलेला गढूळ पिवळा चढतो. हे मी सोरोया पाहिल्यानंतर पाहिलं. ते आधीही तिथे होतंच.

पण सोरोया तेलरंगात काम करतो. तो पांढरा रंग जाड थापतो, उजेड वरून चढवतो. नाशिकची परंपरा जलरंगाची. इथे उजेड हा कागद असतो. तो राखावा लागतो, नंतर आणता येत नाही. म्हणून त्याच्याकडून रंगाची नजर घ्यायची आणि हात मात्र शिवाजी तुपे यांच्यासारख्या आपल्या माणसांकडून घ्यायचा. तुपे सरांच्या घाटाच्या चित्रांत देवळाचा काळा दगड एका ओल्या वॉशमध्ये उतरतो आणि त्या वॉशच्या कडेला न रंगवलेला कागद उन्हासारखा झळकतो. बसाल्टचा दगड काळा नाहीच. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना एकमेकांत सोडले, पुरते मिसळू दिले नाहीत, तर काळाराम मंदिराची भिंत थोडीफार हाती येते. पावसाळ्यात तीच भिंत आभाळ पिऊन निळी होते, आणि दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी चढलं की अख्ख्या घाटावर एकच रंग उरतो, गढूळ गेरूचा. त्या दिवशी सोरोया कामाचा नाही.

५. दोन चित्रं सारखी दिसली म्हणून नातं जोडू नये.

एल ग्रेकोने निखारा फुंकणारा मुलगा रंगवला, सुमारे १५७० मध्ये. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांची हातात दिवा घेतलेली स्त्री सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. जलरंगातलं ते चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. दोन्हीकडे खालून चेहऱ्यावर चढणारा उजेड, दोन्हीकडे बोटांच्या कडा लाल. शेजारी ठेवून पाहावीत, जरूर पाहावीत. पण हळदणकरांना ते एल ग्रेकोने सुचवलं असं म्हणायला आधार नाही. दिवा घरोघरी होता.

६. गोयाकडून साक्ष कशी द्यायची ते शिकावं.

हा धडा शिकवायला मला सगळ्यात जड गेला आणि सगळ्यात गरजेचा वाटला.

१८०८ च्या मे महिन्यात नेपोलियनच्या फौजांनी माद्रिदमध्ये उठाव करणाऱ्या लोकांना पहाटेच्या अंधारात गोळ्या घातल्या. गोयाने त्या घटनेचं चित्र १८१४ मध्ये काढलं, सहा वर्षांनी. जमिनीवर एक चौकोनी कंदील आहे. त्याचा सगळा उजेड पांढरा सदरा घातलेल्या, दोन्ही हात वर केलेल्या एका माणसावर पडलाय. बंदूकधारी आपल्याकडे पाठ करून एका रेषेत वाकलेत. त्यातल्या एकाचाही चेहरा दिसत नाही. मरणाऱ्यांना प्रत्येकाला चेहरा आहे. एक डोळे झाकतो, एक मुठी आवळतो, एक प्रार्थना पुटपुटतो. चेहरा कुणाला द्यायचा, हा निर्णय म्हणजेच ते चित्र.

ही मांडणी पुढे थांबली नाही. मेक्सिकोत सम्राट मॅक्सिमिलियनला १८६७ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या तेव्हा मानेने तीच घेतली. कोरियातल्या कत्तलीवर पिकासोने १९५१ मध्ये चित्र काढलं तेव्हाही तीच: डावीकडे उघड्या बायका-मुलं, उजवीकडे यंत्रासारखे सैनिक. त्याआधी 'गेर्निका' होऊन गेलं होतं. २६ एप्रिल १९३७ ला बास्क प्रांतातल्या त्या गावावर बॉम्ब पडले आणि काही आठवड्यांत पिकासोने पावणेआठ मीटर रुंदीचा कॅनव्हास उभा केला. त्यात विमान नाही, बॉम्ब नाही. किंचाळणारा घोडा आहे, मेलेलं मूल घेतलेली आई आहे, वर उघडा विजेचा दिवा आहे.

मुलांना हे दाखवल्यावर मी विषय द्यायचो: काळाराम मंदिराचा सत्याग्रह. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली दलितांच्या मंदिरप्रवेशासाठी तो सुरू झाला, दादासाहेब गायकवाड त्यात पुढे होते, आणि देवळाचे दरवाजे बंद राहिले. घाटाची आम्ही नाशिककरांनी इतकी चित्रं काढली, त्याच घाटापासून हाकेच्या अंतरावर घडलेल्या या गोष्टीला रंग फार कमी मिळाले. ती उणीव मला आजही बोचते.

पहिल्यांदा बहुतेक मुलं मोर्चा काढायची: झेंडे, गर्दी, मागे कळस. मग मी विचारायचो, उजेड कुठे ठेवणार? चेहरा कुणाला देणार? गोयाने पाठ कुणाची दाखवली? आठवीतल्या एका मुलीने एकदा पूर्ण कागदभर फक्त बंद दार काढलं, तेही आतल्या बाजूने. लाकडाच्या फटींतून उन्हाच्या चार उभ्या रेघा आत आल्या होत्या. एकही माणूस नव्हता आणि बाहेरची सगळी माणसं होती. एरवी तिचा हात बेताचा होता. त्या दिवशी तिला गोया कळला होता, त्याच्यासारखी एकही रेघ न काढता.

७. छापील चित्रावर भागत असेल तर भागवावं.

मूळ चित्र पाहिल्याशिवाय काही खरं नाही, असं मोठ्या शहरांतून आलेली माणसं आम्हाला सांगतात. मूळ चित्राची सर छपाईला येत नाही हे कबूलच आहे. पण एक हकीकत सांगतो. वेलास्केझने १६५० मध्ये रोममध्ये पोप दहावा इनोसंट रंगवला. लंडनचा चित्रकार फ्रान्सिस बेकन या चित्राने झपाटला आणि वर्षानुवर्षं किंचाळणारे पोप रंगवत राहिला. सगळ्यात गाजलेलं १९५३ चं. हे सगळं त्याने छापील प्रतींवरून केलं. १९५४ मध्ये तो रोममध्येच होता, तरी मूळ चित्र पाहायला गेला नाही.

याच बेकनची चित्रं १९५९ ते १९६४ या काळात लंडनमध्ये राहणाऱ्या मुंबईच्या चित्रकार तय्यब मेहतांनी पाहिली. फाळणीच्या दंगलीत मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर माणूस मारला जाताना त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं. पाय बांधलेला बैल ते लंडनला जाण्याआधीपासून काढत होते. पुढे १९७० च्या 'कूडल' या आपल्या लघुपटासाठी त्यांनी वांद्र्याच्या कत्तलखान्यात चित्रण केलं. म्हणजे वेदना त्यांची स्वतःची होती, मुंबईची होती. बेकनकडून त्यांना बळ मिळालं ते सपाट रंगाच्या रिकाम्या मैदानात एकटं, मोडलेलं शरीर ठेवण्याचं. सेव्हिलहून निघालेली गोष्ट रोम आणि लंडन करत मुंबईला पोचली, आणि वाटेतला एक मोठा टप्पा छापील कागदाचा होता.

२००९ मध्ये प्रादोने आपली १४ चित्रं गूगलच्या मदतीने अतिशय बारकाव्यासह सगळ्यांना खुली केली. मुलीने ती संगणकावर लावून दिली. 'लास मेनिनास'मधल्या राजकन्येच्या बाहीजवळ गेलो तर बाही नाहीशी झाली. उरले चार-पाच फटकारे, करडे, गुलाबी, एक काळा. मागे आलो, पुन्हा रेशीम. रात्री बराच वेळ मी पुढे-मागे होत होतो.

८. सूझाला पाहताना गोवा विसरू नये.

फ्रान्सिस न्यूटन सूझा, १९२४ चा जन्म, गाव साळगाव. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा राहिला त्यातला सगळ्यात तिखट माणूस. त्याच्या उंच ताणलेल्या संतांत एल ग्रेको आहे, फोडून जोडलेल्या चेहऱ्यांत पिकासो आहे, आणि १९६६ मध्ये लंडनला मांडलेल्या काळ्यावर काळ्या चित्रांपाशी गोयाची आठवण येतेच. म्हातारपणी गोयाने स्वतःच्या घराच्या भिंतींवर काढलेली ती १४ काळी चित्रं. समीक्षक एवढं सांगून थांबतात. पण गोव्यातल्या चर्चमध्ये मेणबत्तीच्या उजेडात रक्ताळलेला ख्रिस्त पाहत वाढलेल्या पोराला एल ग्रेको परका कसा वाटेल? तो ओळखीचा वाटला म्हणूनच कामाला आला. सूझाचं काम मी आजही मुलांना जपून, निवडून दाखवतो. सगळं त्या वयाचं नाही. पण त्याची रेघ दाखवायलाच हवी. अशी निर्भय रेघ आपल्याकडे फार थोड्यांची आहे.

९. मोठ्या माणसाच्या शेजारी उभं राहताना आपलं सामान घेऊन जावं.

पंढरपुरात जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांना १९७१ मध्ये ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या द्वैवार्षिक प्रदर्शनाचं खास निमंत्रण आलं. तसंच निमंत्रण पिकासोलाही होतं. पिकासोच्या घनवादाची भाषा हुसेन यांच्या पिढीने पचवलेली होती. आकृती मोडायची कशी, एका चेहऱ्यात दोन बाजू कशा दाखवायच्या, हे त्यांच्या हातात मुरलेलं होतं. त्या प्रदर्शनासाठी त्यांनी महाभारत रंगवलं. भीष्म, अर्जुन, कृष्ण, गणपती, मोठमोठ्या कॅनव्हासवर.

पिकासो समजून घ्यायचा असेल तर माधुरी पुरंदरे यांचं 'पिकासो' मराठीत आहे, ते मी दहावीनंतर कलाशाखेकडे वळणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात देतो. ते वाचून झालं की रविवारी सकाळी सात वाजता यशवंतराव महाराज पटांगणावर यायचं, बोर्ड, पाण्याची बाटली आणि कार्ट्रिज पेपर घेऊन. पुढच्या रविवारी वाळणाऱ्या धोतरांचा अभ्यास आहे, पांढरा रंग घरी ठेवून यायचं.